वहीतला पाचवा रकाना : आपल्या क्लबात कोण आले, कोण गेले

गणपतीचे विसर्जन होते, पितृपक्ष लागतो आणि आमच्या क्रिकेट क्लबाची वही कपाटातून बाहेर येते. जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची, किराणा दुकानात उधारीला असते तशी. तिच्यात पाच रकाने आहेत : नाव, जन्मतारीख, पत्ता, कोठून आला आणि कोठे गेला. पहिले चार मुलगा आला त्या दिवशीच भरले जातात. पाचवा कधी वर्षाने भरतो, कधी पंधरा वर्षांनी. काही जणांचा अजून कोराच आहे. ते आता खेळत नाहीत, पण रविवारी सकाळी मैदानावर चहाला येतात आणि कोणी नसेल तर पंच म्हणून उभे राहतात.

यंदाच्या बैठकीत दोन प्रश्न निघाले. एका आईने विचारले, "मुलाला दुसऱ्या क्लबात जायचे आहे, तर नक्की काय करावे लागते? जो तो वेगळेच सांगतो." आणि एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "यादीत एवढी बाहेरची नावे कशी? आपली दांडिया बाजार, रावपुऱ्याची पोरे गेली कुठे?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि एकाचे उत्तर दुसऱ्यात अडकलेले आहे. बैठकीत वेळ पुरला नाही, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहोत.

आधी हद्दीची गोष्ट, कारण तिथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो. क्रिकेटचा नकाशा आणि राज्याचा नकाशा एक नाही. गुजरात राज्यात क्रिकेटच्या तीन स्वतंत्र संघटना आहेत : बडोदा, गुजरात आणि सौराष्ट्र. महाराष्ट्रातही तसेच, मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. संस्थाने गेली, राज्ये भाषेप्रमाणे नव्याने आखली गेली, पण क्रिकेटने जुन्या रेषा बऱ्याच अंशी तशाच ठेवल्या. म्हणून सुरतेचा मुलगा वडोदऱ्याला आला, तर राज्य बदलत नाही, रेशनकार्डावर नुसता पत्ता बदलतो. पण क्रिकेटच्या दृष्टीने तो एका संघटनेतून दुसरीत आला. पांड्या बंधूंचे उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. वडिलांनी सुरतेतला धंदा गुंडाळला आणि मुलांना किरण मोरे यांच्या अकादमीत घालता यावे म्हणून बिऱ्हाड वडोदऱ्याला हलवले. मुले तेव्हा लहान होती, त्यामुळे कागदांचा त्रास फारसा नव्हता. हीच गोष्ट सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत झाली असती, तर फायलीचा गठ्ठा झाला असता.

म्हणजे खेळाडूची ये-जा दोन पातळ्यांवर असते. एक, त्याच संघटनेतल्या एका क्लबातून दुसऱ्या क्लबात. दोन, एका संघटनेतून दुसऱ्या संघटनेत. पालक या दोन्ही गोष्टींना सरसकट 'ट्रान्सफर' म्हणतात आणि तिथे घोटाळा होतो.

पहिल्या पातळीचे काम त्या मानाने सोपे. हंगामाच्या आधी प्रत्येक क्लब आपल्या खेळाडूंची यादी संघटनेकडे देतो. एका हंगामात एका खेळाडूचे नाव एकाच यादीत असावे, हे त्यामागचे मूळ सूत्र. यादी गेली की तो वर्षभर त्या क्लबाचा. मुलाला बदल करायचा असेल, तर यादी जाण्यापूर्वी जुन्या क्लबाकडून ना-हरकत दाखला, म्हणजे सगळे ज्याला एनओसी म्हणतात तो, घ्यावा आणि नव्या क्लबाच्या अर्जाला जोडावा. मुदत, अर्जाचा नमुना, फी हे तपशील संघटनेच्या त्या वर्षीच्या परिपत्रकात असतात. ते परिपत्रक स्वतः वाचावे; मैदानावर कोणी सांगितले म्हणून चालू नये. क्लबाची बाकी वर्गणी, परत न केलेले पॅड-ग्लव्ह्ज, हे आधी मिटवावे. दाखला हातात येईपर्यंत नव्या क्लबाकडून सामना खेळू नये, मैत्रीचा असला तरी. आणि दाखला तोंडी नसतो. "सरांनी हो म्हटलंय" याला कागदावर काही किंमत नाही.

इथे आम्हाला आमचीच एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक डावखुरा फिरकी गोलंदाज होता. शांत मुलगा, वडील रिक्षा चालवायचे. त्याला एका मोठ्या क्लबाने विचारले. तिथे टर्फ खेळपट्टी, रोजचा सराव, वरच्या गटातले सामने. आमच्याकडे मॅटिंग, तेही दोन ठिकाणी शिवलेले. त्याने दाखला मागितला. आम्ही नाही म्हटले नाही, पण हो म्हणायला वेळ लावला. एकदा सचिव गावाला गेले होते, एकदा शिक्का सापडला नाही, एकदा "उपांत्य सामना होऊन जाऊ दे" म्हटले. मनात हेच की हा गेला तर विकेट घेणार कोण. तेवढ्यात मुदत संपली. तो वर्षभर आमच्याकडूनच खेळला, एक शब्द बोलला नाही, पण त्याचा एकोणीस वर्षांखालच्या निवडीचा तोच शेवटचा हंगाम होता. पुढच्या वर्षी तो वयातून बाहेर. त्याच्या नावापुढे पाचव्या रकान्यात 'नोकरी' असे लिहिलेले आहे. तो निवडला गेलाच असता असे कोणी म्हणणार नाही. पण संधी त्याची होती, आणि ती आमच्या शिक्क्यापायी गेली.

तेव्हापासून आम्ही ठरवले आहे की लेखी अर्ज आला की सात दिवसांत दाखला द्यायचा, विचारपूस करायची, समजावायचे, पण अडवायचे नाही. हौशी क्लब खेळाडूला पगार देत नाही, करार करत नाही. उलट वर्गणी घेतो. ज्याला आपण काही देत नाही, त्याला बांधून ठेवायचा हक्क कुठून येतो? काही क्लब म्हणतात, आम्ही लहानाचा मोठा केला, मग दुसऱ्याने आयता घ्यायचा का. ही तक्रार खोटी नाही. पण तिचे उत्तर मुलाला अडवणे हे नव्हे.

दुसरी पातळी, संघटना बदलण्याची, ही खरी किचकट. वयोगटाच्या क्रिकेटमध्ये मुलगा त्या हद्दीत खरोखर राहतो, शिकतो किंवा त्याचे पालक तिथे नोकरी करतात, हे कागदांनी दाखवावे लागते. जन्मदाखला, शाळेचे प्रमाणपत्र, राहत्या घराचा पुरावा, आधार. कागद आदल्या आठवड्यात तयार केलेले दिसले, तर शंका येणारच. भारतीय क्रिकेट मंडळाने 2020 साली वय लपवणाऱ्यांना स्वतःहून कबुली देण्याची एक संधी दिली होती. त्यानंतर पकडले गेले तर दोन वर्षांची बंदी. रहिवासाच्या खोट्या कागदांना तर ती सवलतही दिली नाही, सरळ दोन वर्षे. लहान वयोगटात मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय तपासतात. हे सर्व सांगायचे कारण असे की दरवर्षी एखादा 'एजंट' येऊन म्हणतो, भाडेकरार मी करून देतो, शाळेचा दाखला मी आणतो. पालकहो, त्याच्या नादी लागू नका. बंदी एजंटावर येत नाही, मुलावर येते.

वरिष्ठ गटात, म्हणजे रणजी पातळीवर, दुसरी वाटही आहे. तिथे बाहेरचा खेळाडू 'पाहुणा' म्हणून बोलावता येतो; एका संघात असे जास्तीत जास्त तीन. त्यालाही मूळ संघटनेचा दाखला लागतोच. आपल्या गोवेकर मित्रमंडळींना हा विषय चांगला ठाऊक आहे. मुंबईत संधी मिळत नाही म्हणून अर्जुन तेंडुलकर 2022 साली गोव्याकडे गेला आणि डिसेंबरात रणजी पदार्पणातच शतक काढले, वडिलांनी 1988 साली काढले होते तसे. यशस्वी जयस्वालने 2025 च्या एप्रिलमध्ये गोव्यासाठी मुंबईकडून दाखला घेतला आणि महिनाभरात तो रद्द करा म्हणून परत अर्ज केला. म्हणजे कसोटीवीराचेही मन बदलते. आमच्या क्लबातला पंधरा वर्षांचा मुलगा ऑगस्टमध्ये जातो म्हणाला आणि सप्टेंबरात राहतो म्हणाला, तर त्यात रागावण्यासारखे काय?

आता ज्येष्ठांच्या प्रश्नाकडे. बाहेरची नावे.

खरे सांगायचे तर बडोद्याच्या क्रिकेटचा इतिहास बाहेरून आलेल्यांनीच घडवला आहे. विजय हजारे सांगलीचे. 1939-40 च्या हंगामात ते महाराष्ट्राकडून खेळत होते आणि पुण्यात त्यांनी नाबाद 316 धावा काढल्या. रणजी स्पर्धेतले ते पहिले त्रिशतक. समोरचा संघ कोणता? बडोदा! आणि दोनच हंगामांनी हजारे बडोद्याचे झाले. महाराजांच्या पदरी नोकरी मिळाली आणि ते इथलेच होऊन गेले. पुढची वीस वर्षे बडोद्याकडून खेळले, 2004 साली वारलेही इथेच. आज एखाद्या क्लबाने आपल्याला धुऊन काढणारा फलंदाज पुढच्या वर्षी स्वतःकडे घेतला, तर आपण नाक मुरडतो. महाराजांनी वेगळे काय केले?

ही फक्त बडोद्याची रीत नव्हती. इंदूरच्या होळकरांनी नागपूरच्या सी. के. नायडूंना 1923 मध्येच बोलावून घेतले आणि लष्करात हुद्दा दिला. मुश्ताक अली मूळचे इंदूरचेच, पण सागरला जन्मलेले चंदू सरवटे, नागपूरचे हिरालाल गायकवाड, अशी माणसे जमत गेली आणि होळकर संघ 1944-45 पासून 1954-55 पर्यंतच्या अकरा हंगामांत दहा वेळा रणजीच्या अंतिम सामन्यात पोहोचला, चार वेळा जिंकला. 1944-45 च्या अंतिम सामन्यात तर त्यांच्याकडून इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन खेळला. युद्धाच्या निमित्ताने तो हिंदुस्थानात होता. त्याने दुसऱ्या डावात नाबाद 249 काढल्या, तरी मुंबई 374 धावांनी जिंकली. पाहुणा खेळाडू आणला म्हणजे सामना खिशात, असे समजणाऱ्यांनी हा धावफलक पाहावा. याच सामन्यात होळकरांकडून सी. एस. नायडूंनी 917 चेंडू टाकले. आणि हे सी. एस. त्याआधी आपल्या बडोद्याचे होते.

निंबाळकर बंधूंचे पाहा. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर, ज्यांनी 1948-49 मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद 443 काढल्या, ते बडोद्याकडून खेळले, महाराष्ट्राकडून खेळले, होळकरांकडून खेळले, पुढे राजस्थान आणि रेल्वेकडूनही. त्यांचे बंधू रावसाहेब बडोद्याचे यष्टिरक्षक आणि कर्णधार. आमच्या वहीत भाऊसाहेबांचे नाव असते, तर पाचवा रकाना पुरलाच नसता, जोडपत्र लावावे लागले असते.

आणि 1947 चा तो प्रसिद्ध अंतिम सामना. बडोद्यात, मार्च महिना, समोर होळकर. हजारे 288, गुल महंमद 319, चौथ्या विकेटसाठी 577 धावा. बडोद्याचा डाव 784 वर संपला आणि एक डाव 409 धावांनी विजय. ही भागीदारी 2006 पर्यंत कुठल्याही विकेटसाठी जगात सर्वांत मोठी होती, आणि चौथ्या विकेटसाठी आजही आहे. आपण मंडळात ही गोष्ट अभिमानाने सांगतो, 'आपल्या बडोद्याचा विक्रम' म्हणतो. एक सांगलीचा, दुसरा लाहोरचा. त्या दोघांत इथे जन्मलेला एकही नाही.

गुल महंमद नंतर गेले. फाळणीनंतरही काही वर्षे ते भारतात खेळले, मग पाकिस्तानात स्थायिक झाले आणि 1956 साली कराचीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध पाकिस्तानकडून एक कसोटी खेळले. अमीर इलाही हेही लाहोरचे आणि बडोद्याचे. तेही दोन्ही देशांकडून कसोटी खेळले. ये-जा नेहमी माणसाच्या मर्जीने होते असे नाही, हेही इथे नमूद केले पाहिजे.

या सगळ्यात जे हलले नाहीत तेही होतेच. दत्ताजीराव गायकवाड बडोद्यात जन्मले, बडोद्याकडूनच खेळले, 1957-58 ची रणजी त्यांच्या नेतृत्वाखाली आली, 1959 साली इंग्लंडात भारताचे कर्णधार झाले आणि 2024 मध्ये, वयाच्या 95 व्या वर्षी, इथेच गेले. संघाला दोन्ही प्रकारची माणसे लागतात. एक पिढी पायाचा दगड होऊन बसते तेव्हाच दुसऱ्यांना येऊन उभे राहायला जागा मिळते.

अलीकडचे उदाहरण हवे तर झहीर खान. श्रीरामपूरचा, मराठी बोलणारा मुलगा. मुंबईत गेला, पण तिथल्या रणजी संघाचे दार उघडेना, म्हणून 1999-2000 मध्ये बडोद्याकडे आला. पुढच्याच हंगामात अंतिम सामन्यात रेल्वेला अवघ्या 21 धावांनी हरवून बडोद्याने 43 वर्षांनी रणजी जिंकली, आणि त्या विजयात झहीरचा वाटा मोठा होता. काही वर्षांनी तो मुंबईला परतला. तेव्हा इथे काही जण 'वापरून गेला' म्हणाले. आम्हाला ते पटले नव्हते, आजही पटत नाही. मुंबईला जो नको होता, त्याला आपण घेतले. त्याने आपल्याला रणजी दिली. हिशेब चुकता. मुलींमध्येही हेच दिसते : राधा यादव मुंबईच्या कांदिवलीत वाढली, पण बडोद्याकडून खेळून भारताच्या संघात गेली.

आता वडोदऱ्याच्या आपल्या पोरांबद्दल. ती जातात कुठे?

वहीचा पाचवा रकाना आम्ही या वेळी सलग वाचून काढला. जुन्या पानांवर 'बँक', 'रेल्वे', 'मुंबईस बदली' अशा नोंदी आहेत. मग काही वर्षे 'पुणे', 'पुणे', 'बेंगळुरू'. आणि गेल्या बऱ्याच पानांवर 'कॅनडा', 'ऑस्ट्रेलिया', 'अमेरिका'. दुसऱ्या क्लबात गेलेले त्या मानाने थोडे. म्हणजे आपल्या मुलांना मोठे क्लब पळवत नाहीत. बारावीचा निकाल पळवतो. नववीपर्यंत सराव, दहावीला क्लास, बॅट माळ्यावर. बारावीनंतर एम. एस. विद्यापीठात प्रवेश घेतला तर दोन-तीन वर्षे पुन्हा दिसतात, मग व्हिसा. यात कोणाला दोष द्यायचा? आम्ही स्वतःच्या मुलांनाही हेच सांगितले आहे.

त्यांच्या जागा भरतात त्या याच विद्यापीठात शिकायला आलेल्या मुलांनी. प्रतापगंजकडच्या वसतिगृहांतून सायकल नाहीतर मोपेडवर येतात. कोणी दाहोदचा, कोणी बिहारचा, एखादा नंदुरबारचा. तीन-चार वर्षे राहतात, परीक्षेच्या काळात गायब होतात, सुट्टीत घरी जातात, म्हणून एप्रिल-मे मध्ये अकरा माणसे जमवताना आमची दमछाक होते. पण सकाळी सहाला मैदानावर मॅटिंग अंथरायला हीच मुले हजर असतात, हे ज्येष्ठांनी एकदा येऊन पाहावे. मागच्या वर्षी कोजागिरीला त्यांतल्या चौघांना बोलावले होते. दूध प्यायले, गाण्याच्या भेंड्यांत मराठी एकही ओळ येत नसताना टाळ्या वाजवत बसले, आणि जाताना एकाने विचारले, "काका, अगले साल भी बुलाओगे ना?" मंडळाचा क्लब मराठी मुलांपुरताच ठेवायचा, असा एक ठराव मागे कोणी सुचवला होता. तो झाला असता, तर आज क्लबच नसता. क्लबाची घटना मराठीत आहे, हिशेब मराठीत लिहिले जातात, दसऱ्याला स्टंपची पूजा होते. एवढे मराठीपण पुरेसे आहे असे आमचे मत आहे. बैठकीत याला विरोध झाला तर तोही ऐकून घेऊ.

जाणाऱ्यांसाठी आम्ही एक जुनी पद्धत पुन्हा सुरू करत आहोत. कोणी क्लब सोडला, मग तो दुसऱ्या क्लबात जावो की टोरोंटोला, त्याचा शेवटचा सामना आधी फळ्यावर लिहायचा, आणि त्या दिवशी नाणेफेकीला कर्णधाराबरोबर त्याने जायचे. खर्च काही नाही. पूर्वी हे होत असे. मधल्या काळात मुले न सांगताच जाऊ लागली, कारण सांगितले की दाखला अडकेल अशी भीती होती. ती भीती आम्हीच घातली होती.

या हंगामासाठी : सात जण गेले. दोघे कॅनडाला, एक पुण्याला नोकरीवर, दोघे दुसऱ्या क्लबांत (दाखले दिले आहेत), एकाचा गुडघा, आणि एकाने लग्नानंतर रविवारी यायचे बंद केले. त्याचे नाव अजून खोडलेले नाही, वर्षभर वाट पाहू. आले नऊ. त्यांतले पाच वसतिगृहातले, तीन आपल्याच सभासदांची मुले, आणि नववा तो डावखुरा फिरकी गोलंदाज, वय आता चौतीस. स्वतःहून आला. गुडघेवाल्याच्या जागी खेळेन म्हणाला, आणि शनिवारी लहान मुलांना फिरकी शिकवीन. त्याच्या ओळीत 'नोकरी' पुढे स्वल्पविराम देऊन 'परत आला' असे लिहिले आहे.

नवीन नोंदणी दसऱ्याच्या सकाळी, स्टंपपूजनानंतर. जन्मदाखला, आधारची प्रत, दोन फोटो, आणि दुसऱ्या क्लबातून येत असल्यास ना-हरकत दाखला. अठरा वर्षांखालच्या मुलांबरोबर पालकांनी यावे.